‘पाद्रीपद सोडून राजकारणात उतरले’: अँड्र्यूज यांच्याविषयी असे लिहावे का?

प्रश्न असा आला आहे: गांधीजींचे इंग्रज सहकारी दीनबंधू चार्ल्स फ्रिअर अँड्र्यूज यांच्यावरील एका लेखात ‘पाद्रीपद सोडून ते राजकारणात उतरले’ असे वाक्य आहे, ते बरोबर आहे का, आणि त्यांच्या नावाआधी ‘माजी पाद्री’, ‘मिशनरी’, ‘फादर’ की ‘रेव्हरंड’ लिहावे? माझ्या मते त्या वाक्यातील ‘सोडून’ आणि ‘उतरले’ हे दोन्ही शब्द बदलायला हवेत. अँड्र्यूज यांच्या आयुष्यात १९१४ साली जे घडले, त्याचे चुकीचे चित्र या शब्दांमुळे उभे राहते.

‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. मूळ अर्थ ‘पिता’ असला, तरी मराठीत तो कोणत्याही पंथाच्या दीक्षित ख्रिस्ती धर्मगुरूला लावला जातो. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे पाद्र्यांशी जे जाहीर वाद झाले, तसल्या प्रसंगांमुळे या शब्दाला धर्मांतराचा आणि काहीशा अनादराचा वास चिकटला. पण शब्द मुळात निंदावाचक नाही आणि चरित्रलेखनात तो निःसंकोच वापरावा. ‘मिशनरी’ मात्र त्याचा पर्याय नव्हे. ‘पाद्री’ दीक्षा सांगतो, ‘मिशनरी’ काम सांगतो. दीक्षा न घेतलेले डॉक्टर आणि शिक्षिकाही मिशनरी असत, आणि इंग्लंडमधील आपल्या गावाबाहेर कधीही न गेलेला धर्मगुरू पाद्रीच असे.

अँड्र्यूज यांच्या बाबतीत हा भेद फार उपयोगी पडतो. त्यांचा जन्म १८७१ चा, न्यूकॅसलचा. केंब्रिजमध्ये शिकून १८९७ मध्ये ते अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या, चर्चचे दीक्षित पाद्री झाले. दिल्लीच्या मिशनमध्ये काम करणारा त्यांचा जिवलग मित्र बेझिल वेस्टकॉट १९०० मध्ये पटकीने गेला, आणि १९०४ मध्ये ते स्वतः त्याच मिशनमध्ये दाखल होऊन सेंट स्टीफन्स महाविद्यालयात शिकवू लागले. तेथे प्राचार्यपद इंग्रजालाच मिळावे हा संकेत मोडून हिंदी प्राध्यापक सुशीलकुमार रुद्र यांना ते मिळावे, असा आग्रह त्यांनी धरला, आणि १९०६ मध्ये रुद्र प्राचार्य झाले. म्हणजे त्यांचे ‘राजकारण’ मिशनच्या चार भिंतींतच सुरू झाले होते; ‘सोडून उतरले’ हा क्रम इथेच कोसळतो.

पुढे गोखल्यांच्या सांगण्यावरून, तेथील गांधीजींच्या सत्याग्रहाला मदत करण्यासाठी, ते आपले मित्र विल्यम पिअर्सन यांच्यासह जानेवारी १९१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत पोहोचले. डर्बन बंदराच्या धक्क्यावर त्यांनी गांधीजींची पायधूळ घेतली, तेव्हा तेथील गोऱ्यांचा संताप झाला. गांधी आणि तेथील सरकारचे मंत्री जनरल स्मट्स यांच्या वाटाघाटींत त्यांनी मध्यस्थी केली. त्याच दिवसांत इंग्लंडमध्ये त्यांची आई वारली. त्याच वर्षी निघालेल्या कायद्याने गिरमिट (मजुरीचा करार) संपलेल्या हिंदी मजुरांवरचा तीन पौंडांचा कर रद्द झाला. परतल्यावर त्यांनी मिशन सोडले, धर्मविधी चालवणे थांबवले आणि शांतिनिकेतनात मुक्काम केला. पंथाची काही विधाने, विशेषतः विश्वास न ठेवणाऱ्यांना नरकवास ठरवणारी, आपल्याला उच्चारता येत नाहीत, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. मिशन सुटले, विधी थांबले, ख्रिस्तावरची निष्ठा मात्र तशीच राहिली. अँग्लिकन नियमानुसार एकदा घेतलेली दीक्षा पुसली जात नाही; ती वापरणे तेवढे थांबवता येते, आणि आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत त्यांनी ती पुन्हा वापरलीही. म्हणून ‘माजी मिशनरी’ चालेल, ‘माजी पाद्री’ चालणार नाही.

आता ‘उतरले’. आजच्या मराठीत ‘राजकारणात उतरणे’ म्हणजे पक्ष, तिकीट, निवडणूक. यांतले काहीच अँड्र्यूज यांना लागू होत नाही. १९१५ मध्ये फिजीला जाऊन त्यांनी आणि पिअर्सन यांनी उसाच्या मळ्यांतल्या मजुरांची स्थिती पाहिली. त्यांच्या अहवालाने करारमजुरीच्या पद्धतीविरुद्ध जनमत तापले आणि १ जानेवारी १९२० रोजी फिजीतील उरलेले करार रद्द झाले. १९२१ मध्ये आसामचे चहामळे सोडून निघालेले मजूर पूर्व बंगालातील चांदपूरला अडकले, तेव्हा ते त्यांच्यात जाऊन राहिले. १९२५ मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. विदेशी कापडाच्या होळीबद्दल त्यांनी गांधीजींना स्पष्ट विरोध कळवला. याला ‘चळवळीत पडणे’ किंवा ‘लढ्यात सामील होणे’ हे मराठी शब्द नेमके आहेत.

‘फादर’ टाळावे, पण अँग्लिकन पाद्र्याला ‘फादर’ म्हणतच नाहीत हे कारण देऊ नये. वसईत हा शब्द कॅथलिक धर्मगुरूंसाठी रुळला आहे हे खरे, तरी पुण्याच्या पंचहौद मिशनचे अँग्लिकन साधूही ‘फादर’च होते, आणि ख्रिस्ती धर्म स्वीकारलेले नीळकंठशास्त्री गोऱ्हे ‘फादर गोऱ्हे’ म्हणूनच ओळखले जात. ‘रेव्हरंड’ ही आदराची उपाधी आपल्याला रे. टिळकांमुळे परिचित आहे. अँड्र्यूज यांच्या १९१४ पूर्वीच्या कामाविषयी लिहिताना ती जरूर वापरावी.

‘दीनबंधू’ हे बिरुद फिजीच्या गिरमिटियांच्या कामाशी जोडलेले आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेल्या वृत्तपत्राचे नावही तेच असल्यामुळे मराठी वाचकाच्या कानाला ते देवापेक्षा कष्टकऱ्यांच्या अधिक जवळचे वाटते, आणि अँड्र्यूज यांच्या बाबतीत ते योग्यच आहे.

तेव्हा लेखातील वाक्य असे करावे: ‘१९१४ मध्ये मिशन सोडून आणि धर्मविधींचे काम थांबवून अँड्र्यूज यांनी प्रवासी हिंदी मजुरांच्या आणि स्वातंत्र्याच्या लढ्याला स्वतःला वाहून घेतले.’