बंद खोलीत केवळ प्रकाशाच्या साहाय्याने पृथ्वीचे परिवलन ओळखता येते का?

होय, येते. उपकरण, भिंती आणि निरीक्षक असे सारेच पृथ्वीबरोबर फिरत असताना प्रकाशाला ते कळावे कसे, ही आपली शंका रास्त आहे. मात्र एकाच किरणाचे दोन भाग करून ते आरशांच्या बंद मार्गावरून परस्परविरुद्ध दिशांनी पाठवले, तर प्रकाश वाटेत असतानाच आरसे किंचित सरकतात आणि फिरण्याच्या दिशेने निघालेल्या भागाला परतायला थोडा अधिक वेळ लागतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज सान्याक यांनी १९१३ मध्ये फिरत्या मेजावर हा परिणाम दाखवला.

खरी अडचण पुढेच आहे. मेज उलटे फिरवून व्यतिकरणाचे पट्टे, म्हणजे दोन्ही भाग पुन्हा एकत्र आल्यावर दिसणारे उजेड-अंधाराचे पट्टे, किती सरकले हे पाहता येते. पृथ्वी ना थांबवता येते, ना उलटी फिरवता येते. मग तुलनेसाठी शून्य, म्हणजे न फिरतानाची पट्ट्यांची जागा, कोठून आणायचे? भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसन आणि गेल यांनी १९२५ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात क्लिअरिंग येथे सुमारे ६१२ बाय ३३९ मीटरचा आयत नळांनी बांधला, हवेच्या चलबिचलीने पट्टे विस्कटू नयेत म्हणून नळ निर्वात केले आणि शेजारीच एक लहान आयत ठेवला. वेळेतील फरक क्षेत्रफळाच्या प्रमाणात असल्यामुळे लहान आयतातला फरक नगण्य, म्हणून त्याचे पट्टे हेच शून्य! मला या प्रयोगातील सर्वांत चतुर भाग हाच वाटतो. अपेक्षित सरक ०.२३६ पट्ट्यांची होती, आढळली ०.२३०.

वलय-लेसरमध्ये, म्हणजे आरशांचा बंद मार्गच लेसर असलेल्या उपकरणात, मात्र वेगळे शून्य लागत नाही, कारण त्यात विरुद्ध दिशांच्या दोन लहरींची वारंवारताच वेगळी होते आणि त्या एकत्र आणल्या की फरक थेट मोजता येतो. जर्मनीतील वेट्झेल येथे जमिनीखाली बसवलेल्या, ४ मीटर बाजूच्या चौरस वलयात हा फरक सुमारे ३४८.५ हर्ट्झ आहे. विमानांचे वळणे मोजणाऱ्या लहान वलयांत मंद फिरण्याच्या वेळी दोन्ही लहरी एकमेकींत अडकून फरकच नाहीसा होतो, म्हणून ती मुद्दाम थरथरत ठेवावी लागतात. वेट्झेलच्या मोठ्या वलयाला मात्र हे अडकणे टाळायला पृथ्वीचे फिरणेच पुरते.

आडव्या वलयाला पृथ्वीच्या फिरण्याचा अक्षांशाच्या साइनइतकाच वाटा मिळतो. तेच वलय पुण्यात ठेवले, तर सुमारे १४६ हर्ट्झ मिळतील. विषुववृत्तावर काहीच मिळणार नाही, तेथे ते पूर्व-पश्चिम प्रतलात उभेच करावे लागेल.