'टेनॅसिटी' या इंग्रजी शब्दाचा अर्थ काय आणि तो कसा वापरावा?

'टेनॅसिटी' म्हणजे चिकाटी. धरून ठेवणे या अर्थाच्या लॅटिन धातूपासून हा शब्द आला असल्यामुळे त्यात उत्साहापेक्षा न सोडण्याला अधिक महत्त्व आहे. सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू करून पाहिले आणि पुढे 1906 मध्ये ते सबंध बडोदा संस्थानात लागू केले. वर्षानुवर्षे एकच गोष्ट लावून धरणाऱ्या अशा वृत्तीला हा शब्द नेमका शोभतो. एखाद्याने रात्रभर जागून काम उरकले, तर मात्र तो वापरू नये.

हे भाववाचक नाम असून त्याचे अनेकवचन सहसा करत नाहीत. विशेषण 'टेनेशस' असे होते. 'स्टबर्न' या शब्दाला बहुधा दोषाची छटा असते, तर 'टेनॅसिटी' बहुतेक वेळा कौतुकानेच म्हटली जाते.

आपल्या वडोदऱ्यातल्या मराठी घरांतील मुलांनी आणखी एक सांभाळावे: गुजरातीत चिकाटीला 'खंत' म्हणतात, परंतु मराठी उत्तरपत्रिकेत तोच शब्द लिहिल्यास त्याचा अर्थ मनाला लागलेली हळहळ असा होतो.