सरपणासाठी चेनसॉ केवढा घ्यावा?

पहिलाच चेनसॉ घेताय ना, मग २० इंची बारचा (साखळी ज्या लांब पट्टीभोवती फिरते तिचा) मोह आधी सोडा. मीही सुरुवातीला मोठाच घेतला होता. तासाभरात कंबर आणि मनगटं बोलायला लागली, आणि दमलेल्या हातात चेनसॉ म्हणजे अपघाताला आमंत्रणच.

आधी तुमचे ओंडके मोजा. नेहमीच्या ओंडक्याच्या जाडीपेक्षा बार दोनेक इंच लांब असला की झालं. सरपणाची लाकडं बहुधा १०-१२ इंचांच्या आतली असतात, तेव्हा १४ किंवा १६ इंची बार आणि ३५ ते ४५ सीसीचं इंजिन पुरेसं. एखादा जाड बुंधा आलाच तर दोन्ही बाजूंनी कापता येतो. छोट्या इंजिनावर लांब बार मात्र चढवू नका. साखळी ओढताना त्याचा दम निघतो.

दुकानात सीसी विचारण्याआधी यंत्र हातात धरून बघा, कमरेच्या उंचीवर, दोन-चार मिनिटं. त्यात पेट्रोल आणि साखळीचं तेल भरलं की वजन आणखी वाढतं, हे विसरू नका.

आणि खरं सांगू? आकारापेक्षा धार महत्त्वाची. लाकडाच्या चांगल्या जाड कपच्या पडण्याऐवजी पिठासारखा भुसा पडू लागला, की जोर लावू नका, थांबून साखळीला कानस मारा. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागू देऊ नका, यंत्र झटक्यात तुमच्याकडे उसळतं. संरक्षक पँट, चष्मा, कानपट्टे आणि जाड बूट यांचे पैसे यंत्राच्या बजेटमध्येच धरा.