‘निर्गुंतवणूक’ कुणाची आणि अंग कुणी काढून घेतलं?

प्रश्न असा आहे: सरकारनं सार्वजनिक कंपनीतला हिस्सा विकला तरी ‘निर्गुंतवणूक’ आणि एखाद्या विद्यापीठानं कोळसा कंपन्यांचे शेअर विकून टाकले तरी ‘निर्गुंतवणूक’, हे चालेल का? शिवाय हा शब्द शुद्ध आहे का?

शुद्धतेचं आधी उरकतो. ‘निर्’ संस्कृत आणि ‘गुंतवणूक’ मराठी, म्हणून संकर झाला अशी ओरड करणारे ‘गैरसमज’ आणि ‘बेधडक’ हे शब्द रोज वापरतात. त्यांनी सुचवलेला, हिंदीतून उचललेला ‘विनिवेश’ तर उलट्या अर्थाचा आहे. संस्कृतात विनिवेश म्हणजे ठेवणं, बसवणं, मांडणी करणं. पैसा बाहेर काढण्याला ‘आत ठेवणं’ म्हणायचं आणि वर शुद्धतेचा आग्रह धरायचा, हे मला अजिबात मान्य नाही.

आता खरी गंमत. इंग्रजी ‘इन्व्हेस्ट’च्या मुळाशी लॅटिन ‘वेस्टिस’ आहे, म्हणजे वस्त्र. इन्व्हेस्ट करणं म्हणजे कपडे चढवणं. इटालियन व्यापाऱ्यांनी हा शब्द पैशाला लावला, कारण त्यांच्या लेखी रोकड मालात घातली की पैशानं नवा पोशाख केला. इंग्रजीत हा अर्थ रुळला तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराच्या संदर्भात. कंपनीच्या कागदपत्रांत ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणजे हिंदुस्थानात खरेदी करून इंग्लंडला धाडायचा माल, आणि त्या मालात मोठा वाटा कापडाचा! शब्द वस्त्रातून निघाला आणि वस्त्रावरच येऊन बसला. 1765 मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसूल करण्याचा हक्क, मिळाल्यावर कंपनी तिथल्याच महसुलातून हा माल घेऊ लागली. 1783 च्या संसदीय अहवालात ब्रिटिश खासदार एडमंड बर्कनं नेमकं हेच दाखवून दिलं: बंगालच्या महसुलातला एक भाग इंग्लंडला न्यायच्या मालासाठी बाजूला काढतात आणि त्यालाच ‘इन्व्हेस्टमेंट’ म्हणतात. पैसा कुठून आला आणि कुणाच्या जिवावर वाढतो, हा आजच्या जबाबदार गुंतवणुकीचा प्रश्न बर्कनं तेव्हाच विचारला होता, असं मी ठामपणे म्हणतो. या चळवळीचा इतिहास सांगणारे 1758 पासून सुरुवात करतात. त्या साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आपल्या सभासदांना गुलामांच्या खरेदीविक्रीपासून दूर राहायला सांगितलं. ते मोलाचं आहेच, पण त्या यादीत बर्क नसणं मला खटकतं.

‘डायव्हेस्ट’ म्हणजे मग अंगावरचं उतरवणं. दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदाविरुद्धच्या लढ्यानं या शब्दाला धार आली. जनरल मोटर्सच्या संचालक मंडळावरचे पहिले कृष्णवर्णीय संचालक, पाद्री लिऑन सलिव्हन यांनी 1977 मध्ये तिथल्या अमेरिकी कंपन्यांसाठी आचारसंहिता मांडली: गोऱ्या-काळ्या कामगारांना जेवायला एकच खोली, समान कामाला समान पगार. दहा वर्षांनी, 1987 मध्ये, त्यांनीच सांगितलं की हे पुरत नाही, कंपन्यांनी तिथून निघावं. त्याआधी 1986 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठानं 3 अब्ज डॉलरहून अधिक रकमेचे शेअर विकायचं ठरवलं होतं. पण विकलेले शेअर दुसरा कुणीतरी घेतोच. लाज वाटायला लागते, नाव खराब होतं, कंपनीचं भांडवल मात्र लगेच आटत नाही. घाव बसला तो 1985 मध्ये, चेस मॅनहॅटन या अमेरिकी बँकेनं दक्षिण आफ्रिकेला दिलेल्या अल्पमुदतीच्या कर्जांचं नूतनीकरण नाकारलं तेव्हा. इतर बँकाही मागे सरल्या, तिथलं चलन रँड कोसळलं आणि तिथल्या सरकारला परदेशी कर्जाची परतफेड थांबवावी लागली.

या प्रकाराला मराठीत तयार क्रियापद आहे: अंग काढून घेणं. ‘त्यानं भागीदारीतून अंग काढून घेतलं’ हे आपण सहज म्हणतो. इंग्रजीत पैशाला कपडे चढतात-उतरतात, आपण गुंतलेलं अंगच सोडवून घेतो. मला तर वाटतं की ‘गुंतणे’ आणि ‘अंग काढणे’ ही जोडी पेढ्यांवरच्या बोलीतच घडली असणार. भागीदार तिथे नुसता पैसा लावत नसे, अब्रूही लावत असे.

1991-92 पासून केंद्र सरकार करत आलं ती हिस्साविक्री. तिथे मालकाला पैसा उभा करायचा असतो आणि चांगला भाव हवा असतो. तिला ‘निर्गुंतवणूक’ म्हणा, शब्द तिथे रुळला आहे. नॉर्वेच्या संसदेनं 2015 मध्ये आपल्या तेलनिधीला, म्हणजे तेलाच्या कमाईतून उभारलेल्या सरकारी निधीला, ज्यांचं 30 टक्के किंवा त्याहून जास्त काम कोळशावर चालतं अशा कंपन्यांतून बाहेर पडायला लावलं, तिथे ‘अंग काढून घेतलं’ लिहा. आणि एखाद्या फंडानं भाव पडतोय म्हणून कोळशाचे शेअर झटकले असतील, तर ‘विकले’ एवढंच लिहा.