गुडघा आणि १८६ पायऱ्या

प्रश्न : मुलगा म्युनिकला असतो. मे महिन्यात आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय, त्यात तीन दिवस प्रागचे. तिथल्या ‘पावडर टॉवर’वर चढावं, की खालूनच बघून पुढे जावं? मी ६४ वर्षांची, हे ६९. यांचा उजवा गुडघा कुरकुरतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही चढा, यजमानांना खाली बसवा. लिफ्ट नाही, पायऱ्या १८६ आणि सज्जा ४४ मीटर उंचीवर. दगडी गोल जिना इतका अरुंद की मला समोरून एक धिप्पाड गृहस्थ उतरताना भेटले तेव्हा कुणीतरी मागे सरणं भागच होतं. मी सरले. अठ्ठावीस पायऱ्या उलट उतरले, मोजल्यात! आतल्या बाजूला पायरी निमुळती होते, टाचसुद्धा मावत नाही. उतरताना बाहेरच्या कडेनं पाऊल टाका.

नावातली पावडर म्हणजे बंदुकीची दारू. (आमच्या ग्रुपमधल्या एकाला मराठीत ‘दारूचा मनोरा’ म्हणून सांगितलं, तर भलताच खूश झाला.) पण मनोरा कोठारासाठी बांधलाच नव्हता. राजा व्लादिस्लाव तेव्हा शेजारच्याच वाड्यात राहायचा. त्याच्या दारात शोभेल असं प्रवेशद्वार हवं म्हणून १४७५ साली पायाभरणी झाली. १४८३ मध्ये शहरात दंगल उसळली, राजानं नदीपलीकडच्या किल्ल्यात बिऱ्हाड हलवलं आणि काम अर्धवट राहिलं. दारू साठवू लागले ते सतराव्या शतकात. आज वर दिसतं ते टोकदार छप्पर आणि बरेचसे पुतळे १८७५ ते १८८६ या काळातले, योसेफ मॉकर या वास्तुविशारदाच्या हातचे. म्हणजे आपण ज्याला ‘काय जुनं काम!’ म्हणतो, त्यातलं बरंचसं आपल्या शनिवारवाड्याहून धाकटं. मला तरी याचं वाईट वाटलं नाही, काजळी धरलेला तो दगड जवळून फार देखणा दिसतो.

यजमानांची सोय अगदी लागून आहे. राजाचा वाडा होता त्या जागी १९१२ साली उघडलेलं नगरभवन उभं आहे, तिथल्या कॅफेत त्यांना बसवा. मग कमानीखालून त्सेलेत्ना रस्त्यानं रमतगमत जुन्या चौकात जा. राज्याभिषेकाच्या मिरवणुका याच वाटेनं जायच्या. चौकातल्या टाउन हॉलच्या मनोऱ्याला मात्र लिफ्ट आहे. दुपारी त्यांना तिथे वर न्या, आणि सकाळच्या १८६ पायऱ्यांचा विषय काढू नका.