कात्री, कामट्या आणि खळ

ताई, जुन्या पुठ्ठ्याचा टेबलावर ठेवायचा ट्रे केला. वरून लग्नपत्रिकांचा सोनेरी कागद डकवला. रात्री तळ सपाट होता, सकाळी बघते तर चारही कोपरे पापडासारखे वर आलेले. आता टाकून द्यावा का? (एक वाचक, सांगली)

अजिबात टाकू नका, मोडला कुठे आहे? कागदातले तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात. गोंदाने ओला झाला की कागद तंतूंच्या आडव्या दिशेला फुगतो, वाळताना आक्रसतो आणि खालच्या पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो. पत्रिकेचा कागद जाड, म्हणून ओढही दांडगी. एखादी जुनी बांधीव वही उघडून बघा. पुठ्ठ्याला बाहेरून कापड असेल, तर आतून अस्तराचा कागद असतोच. शोभेपेक्षा त्याचं काम दोन्हीकडची ओढ सारखी करण्याचं. तुम्हीही तळाला खालून कागद डकवा, साधा तपकिरी चालेल. फक्त वरच्या आणि खालच्या कागदाचे तंतू एकाच दिशेला हवेत. दिशा ओळखायला कागद न मोडता हलकेच वाकवून बघा, उभा आणि आडवा. ज्या बाजूने तो कुरकुर न करता वाकेल, तिथली घडी तंतूंना समांतर. वर्तमानपत्र उभं सरळ फाटतं आणि आडवं वेडंवाकडं, ते याचमुळे.

मग दोन फळ्यांमध्ये कोरडे कागद घालून तळ दाबून ठेवा, वर वरवंटा. कागद दमट लागले की बदला. नि एक सांगते, पत्रिकेवरचा गणपती कात्रीत सापडणार नाही असा तुकडा निवडा. घरात कोणीतरी बोलणारच.

पार्सलमधून आलेल्या थर्माकोलवर आरसे चिकटवायला गेलो, तर थर्माकोललाच खड्डे पडले. (कोल्हापूर)

रबरी वासाचा पिवळट गोंद वापरलात ना? त्यातलं द्रावण थर्माकोल विरघळवतं. स्प्रेचा रंगही बहुतेक वेळा तेच करतो. पांढरा फेविकॉल वापरा. पण माझं खरं मत विचाराल, तर महाराष्ट्रातल्या 2018च्या बंदीनंतर थर्माकोलच्या नादी लागूच नये. तीच नक्षी पुठ्ठ्यावर करा.

मुलाला शाळेसाठी साधा आकाशकंदील करायचाय. मागच्या वर्षी पतंगी कागदाला सुरकुत्या पडल्या, रंग उतरला आणि कंदील एका बाजूला कलला. यंदा विकतच आणू का? (ठाणे)

विकत आणाल तर मार्क कोणाला द्यायचे, दुकानदाराला? मी कार्यानुभवाचे तास घेतलेत, विकतचा कंदील दारातूनच ओळखायचे.

कलला, कारण चौकट चौकोनी नव्हती. बुरुडाकडून तासलेल्या कामट्या आणा आणि फूटभर लांबीचे बारा तुकडे करा. चार खाली, चार वर, चार उभे. जोडावर दोरा फुलीसारखा गच्च गुंडाळायचा, गाठीवर फेविकॉलचा थेंब. तो वाळायच्या आत प्रत्येक चौकटीचे दोन्ही कर्ण दोऱ्याने मोजा. सारखे भरले तर ठीक, नाहीतर हाताने दाबून सारखे करा. भूमितीचा तास इथे वसूल होतो.

आता सुरकुत्या. पतंगी कागदाचा रंग कच्चा असतो, पातळ गोंद लागला की पसरतो. म्हणून घट्ट खळ करा. दोन चमचे मैदा थोड्या गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, वाटीभर पाणी घाला आणि मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी दिसू लागली की उतरवा. पूर्वी कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या हातात नको. आठवडाभराच्या कंदिलाला त्याची गरजही नाही.

खळ कागदाला लावायची नाही, कामटीला लावायची. आणि कामटीची सालीची गुळगुळीत बाजू आत ठेवा, तिच्यावर काही नीट चिकटत नाही. कागद चौकटीपेक्षा बोटभर मोठा कापून कोपरे तिरके छाटा. आधी समोरासमोरच्या दोन कडा दुमडून चिकटवा, मग उरलेल्या. पहिली बाजू पुरती वाळल्याशिवाय कंदील फिरवू नका. मुलं इथेच घाई करतात, आणि त्यांचे आईबाबा त्यांच्याहून जास्त!

वरची आणि खालची बाजू उघडी राहू द्या. आत पाच वॉटचा एलईडी पुरे, फक्त कागदाला टेकणार नाही असा मधोमध टांगा. झिरमिळ्या मुलालाच कापू द्या, कमीजास्त झाल्या तरी चालतात.

मातीच्या कुंडीवर गेरू लावून पांढऱ्या ॲक्रिलिकने वारली चित्रं काढली. तुळस लावल्यावर पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघाले. रंग हलका होता का? (नाशिक)

रंगाला दोष देऊ नका. कच्ची कुंडी पाणी झिरपवते, पाण्याबरोबर मातीतले क्षार बाहेर येतात आणि रंगाला आतून ढकलतात. वरून वॉर्निश मारलं तर त्याचेही पोपडे निघतात. तुळस प्लॅस्टिकच्या लहान कुंडीत लावा आणि ती रंगवलेल्या कुंडीत ठेवा. पाणी घालताना बाहेर काढायची.

वारल्यांच्या घरांत हे काम कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने आणि टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने होतं. लग्नाचा चौक सुवासिनी काढतात. जिव्या सोमा म्हसे (पद्मश्री, 2011) यांनी ही रेघ कागदावर आणि कापडावर जगभर नेली. त्यांच्या कामाचे फोटो मिळाले तर माणसं बघा. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून झालेलं अंग, पण प्रत्येकाचा कल वेगळा, कोणी वाकलेलं, कोणी वळलेलं. म्हणून स्टेन्सिल नको. बांबूची काडी ठेचून घ्या आणि आधी वर्तमानपत्रावर तारपा हे वाद्य वाजवणाऱ्याभोवतीची नाचणारी रांग काढून बघा. हात बसला की कुंडी घ्या. जुने पोपडे मात्र पॉलिश पेपरने घासून कुंडी चांगली उन्हात वाळवा, मगच गेरू.