बर्फ वितळत असताना तापमान शून्यावरच का थांबते?

बर्फाला सतत उष्णता दिली तरी तो पूर्ण वितळेपर्यंत तापमान शून्य अंशावरच का राहते, आणि तेवढ्या वेळात दिलेली उष्णता जाते कोठे, असे आपण विचारले आहे. सोलापुरात मी अनेक वर्षे दहावीला विज्ञान शिकवले. हा प्रश्न वर्गातून कोणी आपणहून विचारला, की त्या दिवशीचा तास सार्थकी लागला असे मला वाटे.

ती उष्णता पाण्यातच राहते, मात्र तापमापीला ती दिसत नाही. तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचे माप असते. बर्फातले रेणू एकमेकांना धरून आपापल्या जागी थरथरत असतात. शून्य अंशाला पोहोचल्यावर मिळणारी उष्णता ती पकड सैल करण्यात खर्ची पडते आणि थरथर तेवढीच राहिल्याने पारा हलत नाही. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी लागतात, आणि तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापते. हाच अप्रकट उष्मा. १७६० च्या दशकाच्या आरंभी ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी तो ओळखला. शून्य अंशावर पोहोचताच थोड्याशा उष्णतेने सगळा बर्फ वितळत असता, तर डोंगरावरचे बर्फ एकदम वितळून महापूर आले असते, हा त्यांचा युक्तिवाद मला आजही फार सुंदर वाटतो.

उकळताना हेच घडते, पण फार मोठ्या प्रमाणावर, कारण तेथे रेणूंना एकमेकांपासून पूर्ण सुटायचे असते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. (सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरहून उंच असल्यामुळे येथे पाणी साधारण साडेअठ्ठ्याण्णव अंशांनाच उकळते, मुलांना तापमापी बिघडली आहे असे वाटे.) वाफेचे पुन्हा पाणी होताना ही सारी उष्णता परत मिळते. माझे वडील चादरीचे सूत रंगवण्याच्या कारखान्यात कामाला होते. उकळत्या पाण्याचे शिंतोडे त्यांच्या हातावर अनेकदा उडाले, पण एकदा वाफेच्या नळाच्या सांध्यातून निसटलेल्या झोताने त्यांच्या मनगटाची कातडी सोलवटून निघाली. एक ग्रॅम उकळते पाणी शरीराच्या तापमानापर्यंत निवताना साठेक कॅलरी देते. तेवढीच वाफ त्याच्या नऊ-दहा पट देते.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वाफ होण्यासाठी पाणी उकळलेच पाहिजे असे नाही. पृष्ठभागावरचे अधिक वेगवान रेणू कोणत्याही तापमानाला निसटतात आणि मागे राहिलेल्या पाण्याची सरासरी ऊर्जा घटते. माठातले पाणी यामुळेच गार होते. एक लिटर पाण्यातून दहा ग्रॅम पाणी झिरपून उडून गेले, तर बाहेरची उष्णता आत आली नाही असे धरल्यास उरलेले जवळजवळ सहा अंशांनी निवते. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी असल्याने माठाचे काम उत्तम चालते. मृग लागला आणि हवेत दमटपणा आला, की बाहेर उकाडा कमी असूनही तोच माठ पूर्वीसारखे पाणी गार करीत नाही.

हे घरी पाहायचे असेल, तर बर्फाचा बारीक चुरा घ्या आणि मंद आचेवर तो सतत ढवळत राहा. ढवळले नाही, तर तळाचे पाणी आधीच तापते आणि तापमापी शून्याच्या वरचा आकडा दाखवते.